वीस मिनिटं, दोन मिली

पावसाचं पाणी खाचरांत साचलं की कसारा घाटाच्या पायथ्याच्या पाड्यांवर आवणी सुरू होते. माणसं दिवसभर वाकलेली, हात कोपरापर्यंत चिखलात. याच दिवसांत सर्पदंशाचे रुग्ण वाढतात. कुणाला बांधावर चावतं, कुणाला गवताच्या भाऱ्यात, कुणाला रात्री जमिनीवर अंथरलेल्या गोधडीजवळ. ज्याला चावलं त्याला साप नीट दिसलेला असतोच असं नाही. बरोबर आलेल्यांतला एक म्हणतो घोणस होती, दुसरा म्हणतो फुरसं, तिसरा म्हणतो धामण असेल, उगाच घाबरलाय. डॉक्टरला मात्र लवकर ठरवायचं असतं की विष रक्तात उतरलंय का.

हे सांगणारी तपासणी जगातल्या सगळ्यांत स्वस्त तपासण्यांपैकी एक आहे. रुग्णाच्या शिरेतून सुमारे दोन मिली रक्त काढायचं, नव्या, कोरड्या, स्वच्छ काचेच्या ट्यूबमध्ये घालायचं, ट्यूब उभी ठेवायची आणि वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही. मग ती एकदाच तिरकी करायची. रक्ताचा गोळा झाला असेल तर गोठण्याची क्रिया शाबूत आहे. ते पाण्यासारखं वाहून आलं, तर घोणस किंवा फुरशाच्या विषानं रक्तातली गोठवणारी द्रव्यं खाऊन टाकली आहेत आणि प्रतिविष लगेच सुरू करायला हवं. या तपासणीला वीज लागत नाही, यंत्र लागत नाही, प्रयोगशाळाही लागत नाही.

ट्यूब मात्र प्लास्टिकची चालत नाही. काचेच्या स्पर्शानं गोठण्याची साखळी सुरू होते. प्लास्टिकला ते जमत नाही, आणि निरोगी माणसाचं रक्तही त्यात वेळेत गोठत नाही. काचेचीच, पण धुण्याच्या पावडरीनं घासून पुन्हा वापरलेली ट्यूब असली तरी तोच घोळ. मग अंगात नसलेलं विष ट्यूबमध्ये दिसतं. दहाव्या मिनिटाला कुणी ‘बघू तरी’ म्हणून हलवली, तर निकालावर भरवसा राहत नाही. रक्त गोठलं म्हणजे धोका टळला असंही समजायचं नाही, कारण नाग आणि मण्यार यांचं विष मज्जासंस्थेवर घाला घालतं. ट्यूबमधलं रक्त नेहमीसारखं गोठतं आणि इकडे रुग्णाच्या पापण्या जड होत जातात.

या ट्यूबनंच मला या विषयाकडे आणलं. रक्त तपासणं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे यंत्र येतं, आकड्यांनी भरलेला रिपोर्ट येतो. जे रक्त काढतात त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही. प्रयोगशाळेच्या चुकांतला मोठा वाटा मात्र नमुना यंत्रात जाण्याआधीच होऊन गेलेला असतो. माणूस चुकला, ट्यूब चुकली, रक्त कमी भरलं, हात धुतला नाही, अशा या चुका असतात. यंत्र बिचारं जे मिळालं ते मोजतं.

कसारा हे मुंबईच्या लोकलचं या बाजूचं शेवटचं स्टेशन, सीएसएमटीपासून सुमारे १२१ किलोमीटरवर. १८६१ साली लोहमार्ग इथवर आला आणि थळ घाट फोडून इगतपुरीला पोचायला १८६५ उजाडलं. घाटाची चढण ३७ फुटांना एक फूट, म्हणून वर जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना इथे जादा इंजिनं जोडतात. रेल्वेच्या नकाशावर ठळक असलेलं हे गाव आरोग्यसेवेच्या नकाशावर मात्र टोकाला आहे. इथे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. मोठ्या उपचारासाठी खाली खर्डी, शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय, त्याखाली कल्याण, ठाणे, मुंबई. आजूबाजूला डोंगरांच्या कुशीत वारली, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांचे पाडे. तिथून रस्त्यापर्यंत पायी यायचं, मग काळीपिवळी जीप मिळाली तर जीप. मुरबाडकडे टोकावडे, धसई या बाजूला गेलं तर रेल्वेही नाही. सगळी भिस्त एसटीवर.

याच भागातल्या एका आरोग्य केंद्राच्या ओसरीत बाकावर मी दोन सकाळी बसून होते. गरोदर बायका, तापानं फणफणलेला एक शाळकरी मुलगा, शुगरसाठी उपाशीपोटी आलेले दोन म्हातारे. आत एका टेबलापाशी टेक्निशियन ताई. टेबलावर रंगीत टोपणांचे बल्ब. लॅबमधले लोक ट्यूबला बल्बच म्हणतात, त्यामुळे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं दिवा गेला की काय.

एक आजी समोर बसली. ताईंनी विचारलं, “आजी, नाव सांगा.”

“तूच लिवलंस ना कागदावर.”

“लिवलंय. पण तुमच्या तोंडून ऐकायचंय.”

आजीनं नाव सांगितलं, गाव सांगितलं. मग ताईंनी सुईचं पाकीट तिच्या डोळ्यांदेखत फोडलं. त्यांनी ते मुद्दाम थोडं वर धरलं होतं, हे मला दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. प्रत्येकापुढे त्या तसंच धरत होत्या.

नाव रुग्णाच्या तोंडून वदवून घ्यायचं याला कारण आहे. ‘तुम्ही सखूबाई ना?’ असं विचारलं तर कमी ऐकू येणारं, घाबरलेलं किंवा भिडस्त माणूस ‘हो’ म्हणतं. एका पाड्यावर एकाच नावाच्या तिघी असतात, आडनावही एकच असतं. म्हणून नाव त्यांनीच सांगायचं, वय किंवा गाव सांगायचं, केसपेपरशी ताडून बघायचं, आणि बल्बवर चिठ्ठी रक्त काढल्यावर तिथेच, रुग्ण समोर असताना लावायची. आधी चिठ्ठ्या लावून ठेवलेले बल्ब रांगेत मांडले की एक माणूस मध्येच उठून लघवीला गेला तरी पुढची सगळी ओळ चुकते.

एका नावाच्या चुकीनं काय होऊ शकतं हे रक्तगटाइतकं स्पष्ट कुठेच दिसत नाही. चुकीच्या गटाचं रक्त चढवलं तर माणूस तासाभरात दगावू शकतो. मुंबईकरांना यातला एक धडा थेट घरचा आहे. १९५२ साली डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत एक आगळा रक्तगट शोधला आणि ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात तो जगापुढे मांडला. तोच बॉम्बे ब्लड ग्रुप. या गटाच्या माणसाच्या बोटातून थेंब घेऊन काचपट्टीवर तपासला तर तो सरळ ‘ओ’ दिसतो. त्याला ओ गटाचं रक्त दिलं तर ते त्याला सोसत नाही. खरा गट कळायचा तर शिरेतून रक्त घेऊन, त्यातला द्रवही वेगळा करून उलट बाजूनं तपासावं लागतं. मुंबईत साधारण दहा हजारांत एकाचा गट हा असतो असं मानतात. म्हणून कॅम्पमध्ये घाईघाईनं बोट टोचून दिलेलं रक्तगटाचं कार्ड खिशात असलं तरी रक्तपेढीत नमुना नव्यानं घेतात, आणि घ्यायलाच हवा.

ताईंनी आजीच्या दंडाला पट्टा बांधला, कोपरापासून चार बोटं वर. वयानं आणि उन्हातान्हातल्या कामानं शिरा बारीक झालेल्या. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण त्या बोटानं चाचपत होत्या. शीर बोटाखाली स्पंजासारखी लागते, तिला दाबलं की ती उसळून येते. ठोका लागला तर ती धमनी, तिथे सुई घालायची नाही. “मूठ वळा, पण उघडझाप नको.” पट्टा एका मिनिटाहून जास्त ठेवला तर रक्तातलं पाणी आणि क्षार यांचा तोल ढळतो आणि रिपोर्ट खोटा येतो. मुठीची उघडझाप केली की रक्तातलं पोटॅशियम वाढतं. शीर शोधायला वेळ लागला म्हणून त्यांनी पट्टा सोडला, हात खाली लोंबू दिला, थोडं थांबून पुन्हा बांधला. रांगेतला एक जण कुरकुरला. तरी त्या थांबल्या.

त्या थांबण्याचं मोल मला माझ्या घरात कळलं आहे. काही वर्षांपूर्वी आईचं रक्त घरी येऊन नेलं. बारीक सुई, शीर सापडेना, सिरिंजचा दट्ट्या जोर लावून ओढला, मग सुई न काढताच तेच रक्त दाबून बल्बमध्ये सोडलं. संध्याकाळी फोन आला की पोटॅशियम सातच्या वर आहे, ताबडतोब दवाखान्यात हलवा. एवढ्या पोटॅशियमनं हृदय बंद पडू शकतं. रात्रभर आम्ही ईसीजीकडे बघत होतो आणि ती उशीवरून विचारत होती, मला काय झालंय. दुसरा नमुना शांतपणे घेतला, तो पूर्ण नॉर्मल. जोरानं ओढल्या-ढकलल्यामुळे लाल पेशी फुटल्या होत्या आणि त्यांच्या पोटातलं पोटॅशियम द्रवात सांडलं होतं. लॅबच्या भाषेत, सॅम्पल हिमोलाइज झालं होतं. आईला काहीच झालं नव्हतं.

बल्बांच्या रंगांनाही असाच क्रम आहे. निळ्या टोपणाचा सायट्रेटचा आधी, मग लाल किंवा पिवळा, मग हिरवा, मग जांभळा ईडीटीएचा, शेवटी करडा फ्लुओराइडचा. जांभळ्यातलं ईडीटीए सुईच्या टोकावरून चुकून लाल बल्बमध्ये गेलं तरी कॅल्शियम खोटंच कमी आणि पोटॅशियम खोटंच जास्त दिसतं. निळा बल्ब खुणेपर्यंत भरावाच लागतो. नऊ भाग रक्त, एक भाग सायट्रेट. जांभळा भरला की आठ-दहा वेळा हळूच उलटासुलटा करायचा, झटकायचा नाही. झटकला की पेशी फुटतात आणि नुसता ठेवला की गुठळी होते. ताईंच्या हातातला तो बल्ब पाळण्यासारखा हलत होता.

आता हाताविषयी, आणि हाताआधी पाण्याविषयी. भातसा आणि तानसा ही धरणं शहापूर तालुक्यात आहेत. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातंय. वैतरणेवरची धरणं याच डोंगररांगांत. मुंबईच्या नळाला या भागातलं पाणी येतं आणि याच भागातल्या कित्येक पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघतात. ‘प्रत्येक रुग्णाआधी आणि नंतर साबणानं हात धुवा’ असं भिंतीवरचं चित्र सांगतं. ज्या उपकेंद्राच्या टाकीत उन्हाळ्यात पाणीच नसतं तिथल्या सिस्टरनं ते कसं पाळायचं? या प्रश्नाचं खरं उत्तर नळात पाणी आणणं हेच आहे आणि ते सरकारनं द्यायचं आहे. तोवर अल्कोहोलचं हँडरब कामाला येतं. हात डोळ्यांना स्वच्छ दिसत असले तर वीस-तीस सेकंद बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखांची टोकं चोळून ते वाळू दिलं की जंतू मरतात. चिखल किंवा रक्त लागलं असेल तर मात्र पाणी आणि साबणच हवा.

हातमोज्यांबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे. मोजे घातले की हात धुवायला नकोत असं वाटतं. एकच जोड घालून वीस जणांचं रक्त काढणारे मी पाहिले आहेत. त्यात काढणारा सुरक्षित राहतो आणि एकाच्या हाताचं दुसऱ्याच्या हाताला लागत जातं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० साली रक्त काढण्याविषयी जी मार्गदर्शिका काढली तिचा आग्रह साधा आहे: माणूस बदलला की मोजे बदलायचे, आणि मोजे काढले की हात धुवायचे.

तीच मार्गदर्शिका आणखी एका गोष्टीला मनाई करते, आणि ती गोष्ट आपल्याकडे गावोगावच्या दवाखान्यांत वर्षानुवर्षं चालत आली आहे. स्टीलची एक डबी, तीत स्पिरिटमध्ये भिजवून ठेवलेले कापसाचे बोळे. सकाळी भरायची, दिवसभर बोटं घालून एकेक बोळा काढायचा. स्पिरिट उडत जातं, ताकद कमी होत जाते, प्रत्येक बोटाबरोबर आत काही ना काही जातं, आणि दुपारपर्यंत ज्या बोळ्यानं आपण त्वचा ‘निर्जंतुक’ करतो तोच जंतू पुसत असतो. कोरडा बोळा घेऊन त्या क्षणी त्यावर ७० टक्के अल्कोहोल घालायचं किंवा बंद पाकिटातला स्वॅब फोडायचा, एवढाच बदल आहे. पुसल्यावर अर्धा मिनिट वाळू द्यायचं. ओल्यावरच सुई घातली तर जंतू मरायला वेळ मिळत नाही, चरचरतं ते वेगळं, आणि नमुन्यात अल्कोहोल जाऊन पेशी फुटतात. पुसल्यानंतर ‘इथेच होती ना शीर’ म्हणून पुन्हा बोट लावायचं नाही. ही सवय मोडायला सगळ्यांत अवघड, असं ताई म्हणाल्या. बोट आपोआप जातं.

एका क्षणाच्या अशा चुकीनं काय होतं याची एक जुनी गोष्ट मुंबईच्या परळशी जोडलेली आहे. सर्पदंशाच्या प्रतिविषाच्या कुपीवर महाराष्ट्रानं जे नाव वर्षानुवर्षं वाचलं, त्या हाफकिन यांची. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना ती टोचली गेली. त्यातल्या एका बाटलीतून, ५३-एन या क्रमांकाच्या, ज्या १९ जणांना लस मिळाली ते सगळे धनुर्वातानं मेले. ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आणि हाफकिन यांच्यावर आला, त्यांना पदावरून दूर व्हावं लागलं. खरी गोष्ट अशी होती की बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो ज्योतीवर न धरता नुसता जंतुनाशकात बुडवून त्यानं तसाच वापरला होता. शास्त्रज्ञ रोनाल्ड रॉस यांच्यासारख्यांनी जाहीरपणे बाजू मांडली, तेव्हा कुठे १९०७ मध्ये हाफकिन यांच्यावरचा डाग पुसला गेला. १९२५ साली परळच्या त्या संस्थेला त्यांचं नाव दिलं. जमिनीवर पडलेला एक चिमटा, १९ माणसं आणि एका शास्त्रज्ञाची पाच वर्षं. खाली पडलेली सुई, खाली पडलेला बोळा बघितला की मला मुल्कोवाल आठवतं.

सुया आता एकदाच वापरायच्या असतात, पण हे ‘आता’ सगळीकडे सारखं आलेलं नाही. २००९ साली गुजरातेत मोडासाच्या परिसरात हिपॅटायटिस बीची साथ उसळली आणि बोट दाखवलं गेलं ते पुन्हा वापरलेल्या सिरिंजांकडे. २०१७-१८ च्या हिवाळ्यात उत्तर प्रदेशातल्या उन्नाव जिल्ह्यात बांगरमऊ भागात चाळीसहून जास्त माणसांना एचआयव्ही आढळला. गावोगाव फिरणारा एक बोगस डॉक्टर एकाच सुईनं इंजेक्शनं देत होता असं समोर आलं. ‘सुई टोचली की बरं वाटतं’ ही भावना आपल्याही खेड्यांत घट्ट आहे, त्यामुळे मला या बातम्या दूरच्या वाटत नाहीत.

हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात किमान सात दिवस तग धरतो. टेबलावरचा न दिसणारा थेंब, पट्ट्यावरचा डाग, शुगर तपासायच्या पेनाचं टोक, कुठेही. म्हणून बोट टोचायच्या लॅन्सेटचं पेन दोघांत वापरायचं नाही, आतली सुई बदलली तरी नाही. डायबेटिसच्या कॅम्पमध्ये हे पेन हातोहात फिरताना दिसलं तर तिथेच थांबवा. विदेशांत वृद्धाश्रमांमध्ये याच पेनांनी हिपॅटायटिस बीच्या साथी पसरवल्याची नोंद आहे.

सुई रुग्णाच्या हातातून बाहेर आल्यावर धोका संपत नाही, तो बाजू बदलतो. आता तो रक्त काढणाऱ्याचा असतो, आणि त्यानंतर कचरा उचलणाऱ्या मावशींचा. रुग्णाला हिपॅटायटिस बी असेल आणि सुई टोचलेल्या व्यक्तीनं लस घेतलेली नसेल, तर लागण होण्याची शक्यता शंभरात तीसपर्यंत जाते. हिपॅटायटिस सीसाठी ती शंभरात दोन-तीन, एचआयव्हीसाठी हजारात तीन. सर्वांत जास्त बोटं टोचली जातात ती सुईवर टोपण परत घालताना. म्हणून टोपण घालायचंच नाही. सुई तिथल्या तिथे कटरमध्ये तोडायची आणि ती भोसकला न जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात जायची. डबा हाताच्या अंतरावर हवा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला नको. तीन चतुर्थांश भरला की बंद करायचा, दाबून आणखी कोंबायचं नाही.

टोचलीच, तर बोट दाबून रक्त काढत बसू नये, तोंडात घालू नये. वाहतं पाणी आणि साबण, मग लगेच वरिष्ठांना सांगणं. एचआयव्हीचा संशय असेल तर प्रतिबंधक गोळ्या शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांत सुरू व्हायला हव्यात आणि २८ दिवस घ्यायच्या असतात. कसाऱ्यासारख्या ठिकाणी हे दोन तास म्हणजे घाट, रस्ता आणि गाडी यांचा हिशेब. गोळ्या कुठल्या कपाटात आहेत आणि रात्री किल्ली कुणाकडे असते, हे टोचण्याआधी माहीत असायला हवं. बहुतेक जण सांगतच नाहीत. निष्काळजी ठरू म्हणून, किंवा काय होतंय म्हणून.

२०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनी रंग ठरवून दिले आहेत: रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सिरिंज आणि प्लास्टिकचे बल्ब लाल पिशवीत, सुया पांढऱ्या डब्यात, काच निळ्यात. प्रयोगशाळेतले नमुने जागेवरच निर्जंतुक करून मग बाहेर काढायचे. दुर्गम भागासाठी सुयांचा बंदिस्त खड्डा आणि खोल पुरण्याचीही तरतूद आहे. केंद्रामागच्या उकिरड्यावर सिरिंज दिसली तर ती या नियमांची पायमल्ली आहे. तिथे शेरडं चरतात आणि पोरं पिचकारी म्हणून ती उचलतात.

आजीचा बल्ब भरला. ताईंनी पट्टा आधी सोडला, मग सुई काढली. उलट केलं तर कातडीखाली रक्त साकळून हात काळानिळा होतो. “हात दुमडू नका आजी, सरळ ठेवा आणि दाबून धरा.” कोपर दुमडायची सवय आपल्याला सगळ्यांना आहे, तिनंच निळे डाग पडतात. सर्पदंशाच्या रुग्णाला तर हे दाबणं कितीतरी जास्त वेळ लागतं, त्याचं रक्त थांबतच नाही. त्याला पुन्हा पुन्हा टोचायचं नाही, दंडात इंजेक्शनं द्यायची नाहीत.

आजीनं बल्बकडे बघितलं. “एवढं काढलंस गं माय. आता अंगात काय उरलं?” या प्रश्नावर कुणी हसू नये. हातावर पोट असलेल्या, आधीच रक्त कमी असलेल्या बाईचा तो प्रश्न आहे. आपलं रक्त काढून विकतात, ही शंका कित्येक पाड्यांवर आहे. ताईंनी चहाचा चमचा दाखवला: अर्ध्या चमच्याहून थोडं जास्त. चाळीस-पंचेचाळीस किलोच्या बाईच्या अंगात तीन लिटर रक्त असतं. आजीनं चमच्याकडे बघून मान हलवली. त्या अर्ध्या मिनिटानं पुढच्या वेळी आजी परत येईल की नाही ते ठरलं.

बल्बमधलं रक्त त्यानंतरही जिवंत असतं. पेशी साखर खात राहतात. साध्या बल्बमध्ये ताशी पाच-सात टक्के साखर कमी होते. करड्या बल्बमधलं फ्लुओराइड हे खाणं रोखण्यासाठीच आहे, तरी पहिला तास-दीड तास त्याचाही पूर्ण परिणाम होत नाही. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत तीन तास तापलेला नमुना डायबेटिसच्या रुग्णाला निरोगी ठरवू शकतो. राज्यात २०१७ पासून ‘महालॅब’ योजनेत सरकारी केंद्रांतून घेतलेले नमुने मोठ्या प्रयोगशाळांत नेऊन मोफत तपासले जातात. ही फार मोलाची सोय आहे. तिचं यश गाडीच्या वेळेवर आणि थंड पेटीतल्या बर्फावर अवलंबून आहे.

आणि सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. ४० वर्षांखालच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजार संपवणं, असं तिचं उद्दिष्ट. आश्रमशाळांच्या पटांगणात मुलांच्या रांगा लागतात. बोटातला थेंब द्रावणात टाकतात. द्रावण गढूळ होऊन मागच्या रेघा दिसेनाशा झाल्या तर संशय. पण मूल आजारी आहे की नुसतं वाहक, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी जांभळ्या बल्बमधलं रक्त पुढे पाठवावं लागतं. वाहक माणूस सहसा निरोगी जगतो. चिठ्ठी चुकली तर एका निरोगी मुलीच्या कपाळी आजार लिहिला जातो, लग्नं मोडतात, आणि जिला खरा आजार आहे ती औषधाविना राहते. दिवसाला दोनशे मुलं संपवायचा आकडा वरून आला की पहिली काटछाट होते ती मोज्यांत, मग नाव विचारण्यात. मोहिमेच्या यशाचा हिशेब मांडणाऱ्यांनी किती मुलं तपासली याबरोबर मोज्यांचे किती जोड लागले तेही विचारावं. दोन्ही आकडे जुळायला हवेत.

दुपारी ओसरी रिकामी झाली. ताईंनी टेबलावर हायपोक्लोराइट टाकून कपड्यानं पुसलं. ते रोज सकाळी ताजं करतात, उघडं किंवा उन्हात राहिलं की त्याचा जोर जातो. मी त्यांना हिपॅटायटिस बीच्या लशीबद्दल विचारलं. तीन डोस: पहिला, महिन्यानं दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. त्यांचे झाले होते. कचरा उचलणाऱ्या मावशींचा एक झाला होता. “पुढचा राहिलाच,” मावशी म्हणाल्या, आणि पिवळी पिशवी उचलून मागच्या दाराकडे गेल्या.

तुमचं रक्त पुढच्या वेळी कुठेही काढलं जाईल, शहरातल्या चकचकीत लॅबमध्ये किंवा घाटाखालच्या उपकेंद्रात, तेव्हा सुई तुमच्यासमोर फोडायला सांगा, मोजे नवे आहेत का बघा, नाव स्वतःच्या तोंडानं सांगा आणि चिठ्ठी लावेपर्यंत उठू नका. आणि समोरच्या ताईंना, दादांना, कोपऱ्यातल्या मावशींनाही एवढं जरूर विचारा: तुमचे तीन डोस झालेत का?